अवकाळी डासांचा पंचनामा

निसर्गात प्रत्येक जिवाला त्याचा हंगाम नेमून दिलेला असतो. मोराला पावसाळा, कोकिळेला वसंत, संत्र्याला मृग आणि आंबिया असे दोन बहार, आणि डासाला एक जून ते तीस नोव्हेंबर. यांपैकी पहिल्या तिघांचा हंगाम ठरवताना निसर्गानं कोणाची परवानगी घेतल्याची नोंद नाही. डासाचा मात्र रीतसर परिपत्रकानं ठरलेला आहे. त्यावर सही आहे, शिक्का आहे आणि खाली 'माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' असंही लिहिलेलं आहे. (प्रत डासांना पाठवली होती का, याबद्दल परिपत्रक मौन पाळतं.)

वर्धा जिल्ह्यातल्या कोपरखेडा या गावात हे परिपत्रक मनोभावे पाळणारा एकच माणूस होता. ताराचंद उईके, आरोग्य सेवक, नोकरी अठ्ठावीस वर्षं. कागदोपत्री त्याचं काम 'डास अळी सर्वेक्षण' असं होतं. गावात डासाला कोणी डास म्हणत नसल्यानं, आणि अळीला तर कोणी काहीच म्हणत नसल्यानं, लोक त्याला 'मलेरियावाले भाऊ' म्हणत. हातात विजेरी, लांब दांड्याची पळी, पांढरा वाडगा आणि बगलेत रजिस्टर घेऊन तो घरोघरी जाई. रांजण, ड्रम, टाकी, कुंडी, कोंबड्यांचं पाण्याचं ताट, जिथं म्हणून पाणी असेल तिथं तो पळी बुडवी आणि काय आलं ते वाडग्यात ओतून मोजी. पाण्याला समांतर आडवी पडलेली अळी मलेरियाच्या डासाची, डोकं खाली करून लटकलेली बाकीच्यांची, त्यात डेंगूचाही आला. इतकी साधी विद्या. पण अठ्ठावीस वर्षांत त्यानं एकही आकडा अंदाजानं लिहिला नव्हता. सरकारी नोकरीत हा एक प्रकारचा आजारच असतो; पण तो संसर्गजन्य नसल्यानं वरिष्ठांनी कधी मनावर घेतला नाही.

हवामान बदलतंय हे कोपरखेड्याला पेपरातून कळण्याआधी ताराचंदला पळीत दिसलं. पूर्वी डिसेंबरात थंडी पडे, डास गारठून भिंतीला चिकटून बसे, चावायचा कंटाळा करी. उरलासुरला मे महिन्याच्या उन्हात संपे. म्हणजे परिपत्रक निदान खोटं नव्हतं. पुढं थंडी येईनाशी झाली. जानेवारीत ताराचंदच्या बायकोनं, जयानं, पेटीतून काढलेलं स्वेटर तसंच घडी न मोडता परत ठेवलं. फेब्रुवारीत गारा पडल्या, त्या वितळून गावाभोवतीच्या खड्ड्यांत साचल्या. मार्चमध्ये खड्डे आटले, तर नळ चौथ्या दिवशी यायला लागला, म्हणून प्रत्येक घरानं दोनाचे पाच ड्रम केले. एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसवर गेला. एवढ्या उन्हात बाहेर डास जगणं कठीण, हे शास्त्र आहे. गावालाही जगणं कठीण झालं आणि गावानं कूलर लावले.

इथं थोडं थांबून कूलरचं कौतुक करणं भाग आहे. पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना ओलं गवत, खाली पंधरा-वीस लिटर संथ पाणी, आत अंधार, गारवा, आणि तीन हातांवर उघड्या पायांनी झोपलेलं संपूर्ण कुटुंब. शासनाच्या कुठल्याही घरकुल योजनेत इतक्या सोयी एकाच छताखाली मिळत नाहीत. कोपरखेड्यात घरं तीनशे बारा आणि कूलर दोनशे चौऱ्याहत्तर होते. (उरलेल्या अडतीस घरांतली माणसं दुपारी कोणाच्या ना कोणाच्या कूलरसमोर पाहुणी म्हणून बसलेली असत, त्यामुळं डासांची त्यांच्याबद्दलही तक्रार नव्हती.) थोडक्यात, पाऊस पडला तर डबकी, नाही पडला तर ड्रम, थंडी गेली तर सवड, आणि ऊन वाढलं तर कूलर. शेतकऱ्याला चार महिनेही न साधणारं हवामान डासाला बाराही महिने साधलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ताराचंदनं पन्नास घरं तपासली. एकतीस घरांत अळ्या सापडल्या. संध्याकाळी ओट्यावर बसून तो हे मोबाईलमधल्या सरकारी फॉर्मात भरायला लागला. 'अळ्या आढळलेली घरे' या चौकटीत त्यानं एकतीस लिहिले, तर लाल अक्षरं आली: 'हंगामबाह्य. कृपया योग्य माहिती भरा.' त्यानं तीस लिहून पाहिले. दहा लिहिले. एक लिहिला. शून्य लिहिल्यावर फॉर्म हिरवा झाला आणि 'धन्यवाद' म्हणाला.

ताराचंदनं शून्य खोडला आणि तालुक्याच्या कार्यालयात फोन लावला. (तालुका कुठला, याची या गोष्टीला गरज नाही.) तिथं पर्यवेक्षक होते मधुकरराव. माणूस वाईट नव्हता. पाच वर्षांत निवृत्ती होती, गुडघे दुखत होते आणि जगात जे काही घडतं ते आधी फॉर्मात घडलेलं बरं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"उईके, एप्रिलमधी मच्छर नसते," ते म्हणाले.

"साहेब, पळीत हाये."

"पळीत असन. फॉर्ममधी नाई."

शून्य भरून टाका, जूनमध्ये हे एकतीसही त्यात धरता येतील, तोवर मच्छर काही पळून जात नाही, अशी मधुकररावांनी त्याची समजूत घातली. ताराचंदनं हो-हो केलं, फोन ठेवला आणि रजिस्टरचं पान फाडून हातानं अहवाल लिहिला. दुसऱ्या दिवशी तो पोस्टानं पाठवला.

कागद ही फार धोकादायक वस्तू आहे. मोबाईलमधली माहिती नाकारता येते. टपालानं आलेल्या कागदावर मात्र आवक क्रमांक पडतो, आणि एकदा क्रमांक पडला की त्याचं काहीतरी करावंच लागतं. आठ दिवसांत ताराचंदला पत्र आलं. त्यात म्हटलं होतं की, आपल्या कार्यक्षेत्रात हंगामबाह्य डास आढळल्याचे आपण कळविले आहे. सदर डास कोणत्या आदेशान्वये उत्पन्न झाले याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.

ताराचंद रात्रभर विचार करत बसला नाही, कारण उत्तर सोपं होतं. त्यानं लिहिलं: 'सदर डास पाण्यान्वये उत्पन्न झाले.'

याच सुमारास त्याची मुलगी हर्षा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सासर तळेगावचं, श्यामजी पंतांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तळेगावचं. सातवा महिना भरत आला होता, आणि एवढ्या उन्हात एसटीनं येऊन तिचा चेहरा लाल झाला होता. जयानं आतल्या खोलीत तिची खाट टाकली, खिडकीत कूलर लावला आणि नवऱ्याला बजावलं की पोरगी असेपर्यंत घरात पळी-वाडगं दिसता कामा नये, लोकांच्या घरचे किडे मोजलेलं भांडं बाळंतिणीच्या खोलीत नको. ताराचंदनं पळी बाहेर खुंटीला टांगली. कूलर मात्र तो दर शुक्रवारी स्वतः रिकामा करून घासत असे. बाकी घराकडे त्यानं पाहिलं नाही. घर त्याचं होतं आणि त्याच्या घरी अळ्या असण्याचं त्याला काही कारण दिसत नव्हतं.

तिकडे कार्यालयात त्याच्या खुलाशानं पेच पडला होता. डास आहेत म्हणावं तर फॉर्म खोटा ठरतो. नाहीत म्हणावं तर आवक क्रमांक खोटा ठरतो. मधुकररावांनी दोन दिवस फाईल उशाशी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना ज्ञान झालं. हंगामबाह्य याला शुद्ध मराठीत अवकाळी म्हणतात. अवकाळी पाऊस, अवकाळी गारपीट, हे सगळं महसूल खात्याकडं असतं. तेव्हा अवकाळी डासही त्यांचेच. फाईलवर 'अवकाळी डासांबाबत' असा विषय घालून त्यांनी ती तहसीलकडं रवाना केली आणि गुडघ्याला तेल लावून निवांत झोपले. तहसीलनं, 'अवकाळी' हा शब्द वाचल्याबरोबर, सवयीनं एका ओळीचं पत्र काढलं: तलाठ्यानं कोपरखेड्यास जाऊन पंचनामा करावा.

ते पत्र ग्रामपंचायतीत सरपंच नानाजींनी मोठ्यानं वाचून दाखवलं. गाव अडाणी नव्हतं. फेब्रुवारीत गारा पडल्या तेव्हा आधी पंचनामा झाला होता आणि मग मदत आली होती. म्हणजे अवकाळी झालं की पंचनामा, पंचनामा झाला की मदत, हा नियम सिद्ध होता. प्रश्न फक्त मदत कशाची, एवढाच उरला. गारांनी पिकाचं नुकसान केलं म्हणून पिकाची मदत मिळाली. मच्छरानं कूलरमधून नुकसान केलं, तर मदत कूलरची मिळणार हे कोणालाही कळण्यासारखं होतं. दुपारपर्यंत बातमी अशी होती की अळ्या सापडलेल्या प्रत्येक घराला सरकारी कूलर मिळणार. संध्याकाळी त्या कूलरला चाकं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तीन स्पीडचा झाला होता आणि नानाजींच्या भाच्यानं तो नाचणगावला एका घरी प्रत्यक्ष पाहिलेलाही होता.

त्यानंतर कोपरखेड्यात जे झालं ते पशुसंवर्धनाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे.

ड्रमांवरची झाकणं निघाली. कूलरचं पाणी बदलणं थांबलं. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा म्हणून ताराचंद वर्षानुवर्षं ओरडत होता. तो पाळणारी जी सात-आठ घरं होती त्यांनीही तो एकमतानं रद्द केला. ज्यांच्या पाण्यात अळ्या नव्हत्या त्यांना हळहळ वाटायला लागली. मग बायका शेजारी विरजण मागायला जावं तशा वाटी घेऊन अळ्या मागायला जाऊ लागल्या, आणि शेजारणीही 'थोड्या पुरतीन ना तुमाले' म्हणत वरच्या-वरच्या काढून देऊ लागल्या. एका घरात अळ्यांना पोळीचा चुरा घालत होते. तो अळ्या खातात की नाही याबद्दल घरात वाद होता, पण उपाशी ठेवणं कोणालाच पटत नव्हतं.

ताराचंदची प्रतिष्ठा एका आठवड्यात इतकी वाढली की ती त्याला सहन होईना. पूर्वी त्याला पाहिलं की लोक दार लोटून घेत. आता ओट्यावरून हाका मारत, चहा पाजत, कूलरची मागची बाजू स्वतः उघडून देत. "भाऊ, सावकाश मोजजा," म्हणत. "त्या कोन्यात अजून हाये." समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या आनंदाबाई तर त्याला पहाटे उठवायला आल्या. त्यांच्या टाकीतल्या अळ्यांचे आता मच्छर होऊन उडून चालले होते आणि तलाठी काही येत नव्हता. उडालेले धरतील का, असा त्यांचा प्रश्न होता.

ताराचंदनं सगळ्यांना सांगून पाहिलं. कूलर मिळणार नाहीत; मिळतील असं कुठंही लिहिलेलं नाही; हे ताप आणणारे मच्छर आहेत. लोक मान हलवत. नानाजींनी तर त्याला बाजूला घेऊन, तू सरकारी माणूस आहेस, तुला असंच बोलावं लागत असेल, आम्ही समजून घेतो, असा धीर दिला. त्यानं सर्वेक्षण केलं. तीनशे बारा घरांपैकी दोनशे सत्त्याण्णव घरांत अळ्या. नोकरीत त्यानं इतका मोठा आकडा कधी पाहिला नव्हता. फॉर्मात त्याही वेळी फक्त शून्य बसत होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात हर्षाला ताप आला.

पहिल्या दिवशी जया म्हणाली, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी हर्षानं डोळ्यांच्या मागं दुखतं असं सांगितलं आणि ताराचंदनं हातातला पेला खाली ठेवला. हे वाक्य त्यानं शेकडो घरांत ऐकलं होतं आणि शांतपणे रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. तासाभरात गाडी करून तो तिला वर्ध्याला दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासलं. डेंगू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताप सौम्य आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, पण पोटुशी आहे तर दाखल राहू द्या, रोज रक्त पाहू. जया तिच्याजवळ राहिली. रात्री बाकावर बसून ताराचंदनं अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा एकही आकडा लक्षात ठेवला नाही. सकाळी नर्सनं प्लेटलेट किती ते सांगितलं आणि त्याला ते तीनदा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला तो गावी आला. कुलूप काढलं. कपडे घ्यायच्या आधी खुंटीवरची पळी घेतली. कूलर कोरडा होता, शुक्रवारीच घासलेला. माठ झाकलेला. मोरीत काही नाही. मग तो फ्रीजपाशी आला. फ्रीज सहा वर्षांपूर्वी घेतला होता. मागच्या बाजूला तळाशी एक ट्रे असतो आणि त्यात पाणी गळून साचतं, हे तो प्रत्येक गावात प्रत्येक सभेत सांगत असे. स्वतःचा फ्रीज त्यानं भिंतीपासून कधीच हलवला नव्हता. तो त्यानं आता ओढला, विजेरी मारली आणि खाली बसला.

ट्रेमध्ये एकोणीस होत्या. डोकं खाली करून लटकलेल्या.

हर्षाला यातल्याच कुठल्या डासानं चावलं की आनंदाबाईंच्या टाकीतून उडालेल्यानं, हे त्या डासाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. ताराचंदनं ट्रे अंगणात ओतला, रजिस्टर उघडलं आणि घर क्रमांक दोनशे आठसमोर लिहिलं: उईके ताराचंद, फ्रीजमागील ट्रे, एकोणीस. मग फोन लावून जयाला सांगितलं.

"जगाचे माठ पालथे करत फिरले तुमी," ती म्हणाली. "आणि मी त्याच फ्रीजले रोज वरून पुसत होती."

त्या दिवशी ताराचंद दवाखान्यात संध्याकाळी उशिरा पोचला, कारण दुपारी त्यानं ओट्यावर बसून एक खोटी नोटीस लिहिली.

अठ्ठावीस वर्षं सरकारी पत्रं वाचलेल्या माणसाला ती लिहिणं अवघड गेलं नाही. 'सर्व डासग्रस्त कुटुंबांना सूचित करण्यात येते की, पाण्यातील अळी पंचनाम्यात ग्राह्य धरली जाणार नाही, कारण ती स्थिर राहत नसल्याने दुबार मोजली जाण्याची शक्यता असते. भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेली अंडी हाच एकमेव ग्राह्य पुरावा समजण्यात येईल. सबब प्रत्येक कुटुंबाने घरातील सर्व भांडी, ड्रम, कूलर, टायर व कुंड्या रिकाम्या करून पाणी झाडांना घालावे. भांडी आतून नारळाच्या काथ्याने घासून निघालेला ऐवज कागदी पुडीत, नावासह, ग्रामपंचायतीत जमा करावा. भांडे चोवीस तास उन्हात पालथे ठेवणे बंधनकारक आहे. ओले भांडे आढळल्यास कुटुंब अपात्र ठरेल.' तारीख त्यानं नळ येण्याच्या आदल्या दिवसाची टाकली, म्हणजे गावाला पाण्याविना राहावं लागू नये. सही केली. सही एकटी फार उघडी दिसायला लागली तेव्हा त्याच्याजवळ जो एकमेव शिक्का होता, भिंतीवर मारायचा, 'तपासले' असा, तो त्यानं खाली मारला.

एक कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला, एक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. शिक्का पाहून कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही.

ठरलेल्या दिवशी कोपरखेडा सकाळी सहापासून घासत होतं. ज्या टाक्या घेतल्यापासून आतून कोणी पाहिल्या नव्हत्या त्यांत माणसं कमरेपर्यंत वाकलेली होती. छपरावरचे टायर खाली आले. कडुनिंबांना उन्हाळ्यात मिळालं नव्हतं एवढं पाणी एका दिवसात मिळालं. दुपारी बेचाळीस अंशांत गल्ली-गल्लीत शेकडो भांडी तोंड खाली करून ओळीनं पडली होती आणि त्यांची राखण करायला घरटी एक माणूस सावलीत बसला होता, न जाणो कोणी शेजारी येऊन आपलं भांडं ओलं करून जायचा. ग्रामपंचायतीत सहाशे अकरा पुड्या जमा झाल्या. त्यांत गंज होता, चुना होता, शेवाळ होतं, एकीत चुकून मुगाची डाळ होती. आनंदाबाईंचा पुरावा पाव किलो भरला. त्यांचा कूलर यजमान असताना एकदा घासलेला होता, त्यानंतर आताच. ताराचंदनं प्रत्येक पुडीची सही घेऊन पोच दिली आणि सगळ्या पुड्या गावाबाहेर नेऊन जाळल्या.

पाच दिवसांनी तलाठी आला. तीन गल्ल्या फिरला. कोरडे, चकचकीत कूलर पाहून तो चक्रावला, पण लिहिण्यासारखं काही नसल्यानं त्यानं 'निरंक' असं लिहिलं आणि चहा घेऊन गेला. कूलरचं नाव त्यानं काढलं नाही. नानाजींनी काढलं, तेव्हा कसला कूलर, असं त्यानं उलट विचारलं.

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर गाव जमलं. ताराचंद त्याच दुपारी हर्षाला घेऊन परतला होता. तिचा ताप उतरला होता, रक्त सुधारलं होतं. त्याला बोलावणं आलं. नानाजींनी नोटीस हातात धरून शांतपणे विचारलं की हे कोणत्या कार्यालयाचं आहे. कोणी त्याच्या बाजूनं बोलेल असं वातावरण नव्हतं. सरकारी शिक्का मारून गावाला फसवलं, एवढी तक्रार वर गेली असती तर त्याची नोकरी गेली असती, आणि ती गोष्ट तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

"माह्या घरचं हाये," ताराचंद म्हणाला. "मीच लिवलं. खोटं लिवलं. पोरीले डेंगू झाला, आठवा महिना हाये तिले. माह्या फ्रीजमधी एकोणीस सापडल्या. बाकीच्याईच्या घरी किती सापडल्या, तेही हाये माह्यापाशी. वाचून दाखवू का?"

रजिस्टर बगलेतच होतं. कोणी वाच म्हणालं नाही. काही जणांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. मागून आनंदाबाईंचा आवाज आला.

"पोरगी कशी हाये आता?"

"बरी हाये माय."

"मंग झालं. बस खाली. उभा काऊन राह्यला?"

तो बसला. नानाजींनी नोटिशीची चार घडी करून खिशात घातली आणि पाणीपुरवठ्याचा विषय काढला. त्या रात्री ताराचंद अंगणात खाटेवर पडला होता, तर हर्षा बाहेर येऊन त्याच्या पायाशी बसली. बाळ आज खूप लाथा मारून राह्यलं, असं तिनं सांगितलं. त्यानं पाय आखडून तिला नीट बसायला जागा केली आणि लवकर आत जाऊ दिलं नाही.

कार्यालयात या प्रकरणाचा शेवट फार गोड झाला. मेअखेरचं सर्वेक्षण: कोपरखेडा, घरं तीनशे बारा, अळ्या शून्य. हा शून्य खरा होता आणि फॉर्मनं तो पहिल्या फटक्यात घेतला. मधुकररावांनी फाईलवर शेरा मारला की प्रत्यक्ष पंचनाम्यात काहीही न आढळल्याने एप्रिलमधील डास मुळात अस्तित्वात नव्हते असे निष्पन्न होते, सबब श्री. उईके यांचा खुलासा मान्य करून प्रकरण बंद करण्यात यावे. न झालेले डास इतक्या लवकर आटोक्यात आणल्याबद्दल ताराचंदला अभिनंदनाचं पत्रही आलं. जयानं ते देवाजवळ ठेवलं.

जून लागला, पाऊस आला, हंगाम रीतसर सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात ताराचंदनं गाव तपासलं. लोकांना घासायची सवय लागली होती की आणखी कशाची लाज वाटत होती, ते सांगता येत नाही. सापडल्या फक्त दोन घरांत. तो फॉर्म भरायला बसला, तर लाल अक्षरं आली: 'हंगामात अपेक्षित प्रमाणापेक्षा कमी. कृपया योग्य माहिती भरा.' आणि पुढच्या टपालानं पत्र: हंगाम सुरू असूनही आपल्या कार्यक्षेत्रात डास का उपलब्ध नाहीत, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. ताराचंदनं पत्र वाचलं, घडी केली आणि हर्षाला पाळण्याची दोरी कुठं बांधायची ते दाखवायला आत गेला. जुलैच्या सुरुवातीला तिला मुलगी झाली. साडेसहा पौंड, आवाज खणखणीत. मधुकररावांनी फोनवर अभिनंदन केलं आणि खुलाशाची आठवण करून दिली.

त्याच महिन्यात वरून एक नवी प्रश्नावली आली. डासांच्या उगमाचा शास्त्रीय शोध घ्यायचा होता. प्रश्न एकच होता: 'आपल्या घरात डास कोठून येतात?' ताराचंद सगळ्या घरी गेला. पहिल्या घरानं शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. शेजारच्यानं पुढच्याकडे. अशा रीतीनं डास गल्लीगल्लीतून, कोणाच्याही घरी मुक्काम न करता, गावाच्या टोकाला पोचले. टोकाच्या घरानं नाल्यापलीकडच्या गावाकडे बोट केलं. (त्या गावच्या आरोग्य सेवकाचा अहवाल आधीच जमा झाला होता. त्यात कोपरखेड्याचं नाव होतं.)

असा तो अहवाल पूर्ण झाला. एक ओळ तेवढी शेवटी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. ही गोष्ट वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर एक कूलर आला असेल, गंजलेला, हिरव्या पाण्याचा, कधीही न घासलेला. तो कोणाचा, ते सांगायची तसदी घेऊ नका. ताराचंदनं त्या ओळीवर 'शेजारचा' असं लिहून टाकलेलं आहे. खाली फक्त तुमची सही हवी.